ओगी राव गो

कोंकणीत ‘ओगी राव’ म्हणजे गप बस. आमच्या घरात मराठी बोलतात, पण कुत्र्याला हाकलायचं असलं किंवा कुणाला गप करायचं असलं की माझ्या तोंडातून कोंकणीच येते, तर हे दोन शब्द मी २००९ साली एका मुलीला बोलले होते आणि परवा डिचोलीत एका टेलरच्या दुकानात ती मुलगी माझ्यासमोर टेप घेऊन उभी राहिली. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून लिहायला बसले.

तेव्हा मी शूटिंगची लोकल कामं घ्यायचे. मुंबईचं युनिट गोव्यात आलं की त्यांना इथला एक माणूस लागतो, जुनं घर मिळवून दे, पंचायतीत जाऊन परवानगीचं बघ, जनरेटर कुठे उभा राहील ते बघ, पोदेराला रोज किती पाव ते सांग, गर्दीच्या सीनला माणसं आण. नाटकाच्या स्पर्धांमधून ओळखी होत्या, पैसे बरे मिळायचे, आणि खरं सांगायचं तर मोठ्या लोकांच्या आजूबाजूला वावरायला आवडायचं पण.

लोटलीत एका जुन्या घरात शूट होतं. कॉस्च्युममध्ये हाताखाली एक मुलगी हवी होती म्हणून मीच डिचोलीकडची एक आणली, वीस-एकवीसची, हात एकदम साफ. तिसऱ्या की चौथ्या दिवशी लंच ब्रेकला आम्ही आठ-नऊ जण बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, ताटं घेऊन बसलेलो, ती आली, ताट न घेताच उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की मला परत त्या सरांच्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये पाठवू नका, कोट फिटिंगला गेले तर त्यांनी आतून कडी लावली. पुढे काय झालं तेही तिने दोन वाक्यांत सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही, ते सांगायचा हक्क तिचा. त्या माणसाचं नावही म्हणूनच लिहीत नाही. मोठं नाव होतं एवढंच.

सगळे गप्प. आमटी वाढणारा स्पॉट दादा पळी हातात धरून तसाच थांबला. कुणीतरी हसलं. आणि मी म्हणाले, ओगी राव गो.

मला परवा घरी येताना बसमध्ये एक गोष्ट लक्षात आली. ती पोरगी माझ्याशी कायम कोंकणीत बोलायची, पण ते सगळं ती मराठीत बोलली होती. मुंबईवाल्यांना समजावं म्हणून. आणि मी तिला कोंकणीत गप केलं, मुंबईवाल्यांना समजू नये म्हणून, गोव्याची माणसं कटकटी आहेत असं झालं तर पुढचं काम मिळणार नाही म्हणून. एका वाक्यात मी केवढा हिशोब केला होता बघा.

नंतर मेकअप दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई त्याचं ते जुनंच आहे. जुनंच आहे म्हणजे काय तर सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळ्यांना माहीत आहे म्हणजे आता त्यात बोलण्यासारखं काही राहिलेलं नाही! तीन दिवसांनी निरोप आला, उद्यापासून ती नको, काम कमी आहे. काम काही कमी नव्हतं. पैशाचं पाकीट मीच तिच्या हातात दिलं, तिने माझ्यासमोर मोजलं, बरोबर आहे म्हणाली आणि गेली.

पुढची काही वर्षं मी नव्या मुलींना हळूच सांगायचे की अमक्याबरोबर गाडीत एकटी बसू नकोस, तमक्याने रात्री स्क्रिप्ट वाचायला बोलावलं तर पोट दुखतंय सांग. मला वाटायचं मी केवढं चांगलं काम करतेय. २०१७ मध्ये हार्वे वाइनस्टीन या हॉलिवूडच्या बड्या निर्मात्याने बायकांच्या केलेल्या लैंगिक छळाचं प्रकरण बाहेर आलं, ५ ऑक्टोबरला न्यूयॉर्क टाइम्सने छापलं, तेव्हा २००५ चा एक जुना व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. कोर्टनी लव्ह नावाची गायिका, रेड कार्पेटवर तिला कुणीतरी विचारतं की हॉलिवूडला येणाऱ्या नवीन मुलींना काय सल्ला देशील. ती आधी म्हणते हे बोलले तर माझ्यावर केस होईल, आणि मग बोलूनच टाकते, की वाइनस्टीनने फोर सीझन्समध्ये प्रायव्हेट पार्टीला बोलावलं तर जाऊ नका. नाव घेऊन, कॅमेऱ्यासमोर, बारा वर्षं आधी. आजूबाजूला सगळं हसतंखेळतं वातावरण, ती काहीतरी वेडपट बोलतेय असंच लोकांनी धरलं असणार. मी तो व्हिडिओ तीनचारदा बघितला, सल्ला तर माझाच होता की, फक्त तिने तो मोठ्याने दिला. मी हळू आवाजात द्यायचे, त्यामुळे माझं काम चालू राहिलं आणि त्या माणसांचं पण.

बिल कॉस्बी या अमेरिकन कॉमेडियनचं तर अजूनच विचित्र. त्याने लैंगिक अत्याचार केल्याची अँड्रिया कॉन्स्टँडने २००५ मध्येच पोलिसांकडे तक्रार केली, सरकारी वकील म्हणाला पुरावा पुरेसा नाही, त्याच सुमारास दुसऱ्या बायकापण पुढे आल्या, सगळं विरून गेलं. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये फिलाडेल्फियात हॅनिबल बुरेस नावाच्या कॉमेडियनने स्टेजवर त्याच्यावर एक विनोद केला, तो कुणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि मग जगाला जाग आली. बायका नऊ वर्षं सांगत होत्या ते ऐकू गेलं नाही, एका पुरुषाने जोक मारला तर लगेच ऐकू गेलं. (२०१८ ला कॉस्बी दोषी ठरला, २०२१ ला पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सुप्रीम कोर्टाने प्रक्रियेच्या मुद्द्यावर ती शिक्षा रद्द केली, तो आणखी वेगळा डोकेदुखीचा विषय.)

आता आपल्याकडचं, जे लिहायला मला लाज वाटते. तनुश्री दत्ताने २००८ मध्ये नाना पाटेकरांवर आरोप केला, एका गाण्याच्या शूटमध्ये गैरवर्तन केलं म्हणून. दहा वर्षांनी नाही, तेव्हाच. कलाकारांच्या संघटनेकडे, सिंटाकडे तक्रारपण दिली. तिची गाडी लोकांनी घेरून फोडली त्याचं फुटेज टीव्हीवर होतं, ती आत बसलेली. आणि मी, तालमीच्या ब्रेकमध्ये चहा पिता पिता म्हणाले होते, पब्लिसिटी स्टंट आहे गो, नानासारखा माणूस असं कशाला करेल. मी काय नानांना ओळखत होते? नटसम्राट माणूस, आपला मराठी माणूस, एवढ्यावर मी निकाल देऊन मोकळी. पुढच्याच वर्षी लोटलीला मी कशी वागले त्याचं मूळ तिथेच असणार.

२०१८ मध्ये ती परत बोलली तेव्हा तीच आमची चहावाली मंडळी काय म्हणाली माहितीये, इतकी वर्षं झोपली होती का. अरे, ती झोपली नव्हती, आपण झोपलो होतो! त्या सेटवर २००८ ला हजर असलेल्या पत्रकार जॅनिस सिक्वेरा यांनी आपण काय बघितलं ते लिहिलं, सिंटाने कबूल केलं की २००८ च्या तक्रारीत लैंगिक छळाचा मूळ मुद्दाच हाताळला गेला नव्हता. नानांनी आरोप पहिल्यापासून नाकारलेत, २०१९ ला पोलिसांनी बी समरी दिली, म्हणजे तक्रारीत तथ्य नाही असा रिपोर्ट, आणि मार्च २०२५ मध्ये कोर्टाने सांगितलं की २००८ च्या घटनेची मुदत उलटून गेली आहे. म्हणजे नाना दोषी असं कुठेच ठरलेलं नाही, हेही स्पष्ट लिहिते. पण मुदत! जी बाई त्याच वर्षी ओरडून सांगत होती तिला उशीर झाला म्हणून सांगायचं, हे मला अजून पचत नाही. कायद्याच्या भाषेत बरोबर असेल.

मुदतीचंच बघा. २०१३ च्या कायद्यात, पॉश म्हणतात त्यात, कामाच्या जागी झालेल्या छळाची तक्रार तीन महिन्यांत करायची, कमिटीला कारण पटलं तर अजून तीन महिने. ऑफिसात ठीक आहे. शूटिंगचं युनिट वीस दिवसांत पॅक-अप करून जातं, प्रॉडक्शनचं ऑफिस अंधेरीत, मुलगी डिचोलीत रोजंदारीवर, कुणाची कमिटी आणि कुठे शोधायची? जिल्ह्याला लोकल कमिटी असते हे मला स्वतःला कितीतरी वर्षांनी कळलं. २००९ ला तर हा कायदापण नव्हता, १९९७ च्या विशाखा गाईडलाईन्स होत्या, पण आमच्या युनिटमध्ये विशाखा म्हटलं असतं तर कुणाला वाटलं असतं कॉस्च्युममध्ये नवीन मुलगी आली.

आणि लगेच तक्रार केली की सगळं नीट होतं असंही नाही, ते आम्ही गोव्यातच बघितलं. नोव्हेंबर २०१३, बांबोळीचं पंचतारांकित हॉटेल, तहलका मासिकाचा कार्यक्रम, त्याचा संपादक तरुण तेजपाल, आणि त्याच्यावर ऑफिसमधल्याच एका मुलीने केलेला लैंगिक अत्याचाराचा आरोप. तो सिनेमावाला नाही, पण त्या कार्यक्रमाला सिनेमातली मोठी मोठी नावं येऊन गेलेली आणि आमच्याकडे त्याच महिन्यात इफ्फी, म्हणजे फिल्म फेस्टिव्हल, त्यामुळे पणजीत दुसरा विषय नव्हता. त्या मुलीने दहा-बारा दिवसांत ऑफिसला लेखी कळवलं होतं. याहून लवकर काय करायचं असतं माणसाने? मे २०२१ मध्ये म्हापशाच्या कोर्टाने तेजपालला निर्दोष सोडलं, सरकार हायकोर्टात गेलं, आणि त्या पाचशेहून जास्त पानांच्या निकालात तिचं वागणं पीडितेसारखं होतं का यावर केवढी चर्चा, फोटोत ती हसतेय का वगैरे. मी वाचत होते आणि मला ती लोटलीची आठवली, पाकीट मोजणारी. तीपण रडली नव्हती. रडली असती तर मी विश्वास ठेवला असता का, माहीत नाही, बहुतेक पाणी दिलं असतं आणि तेच बोलले असते.

केरळच्या सिनेमातल्या बायका मला या सगळ्यात हुशार वाटल्या, एकेकटीने बोलायचं नाही तर मिळून, २०१७ ला संघटनाच काढली आणि सरकारला कमिटी नेमायला लावली. हेमा कमिटीचा रिपोर्ट २०१९ च्या शेवटी तयार, बाहेर आला ऑगस्ट २०२४ ला, तोपण पानं गाळून. साडेचार वर्षं सरकारच्या कपाटात. पण आला तेव्हा आठवडाभरात ‘अम्मा’ची, म्हणजे तिथल्या कलाकार संघटनेची, अख्खी कार्यकारिणी राजीनामा देऊन मोकळी.

तर परवाचं. भाचीच्या लग्नाचा ब्लाऊज शिवायचा होता, आतेबहीण म्हणाली डिचोलीत एक बाई छान शिवते, गेले. मी तिला ओळखलं नाही, तिने मला दारातच ओळखलं असणार पण दाखवलं नाही. खांद्याचं माप घेताना पाठीमागून म्हणाली, ताई, लोटलीच्या त्या घराचं काय झालं, अजून शूटिंगला देतात?

मी तिथेच घामाघूम. काहीतरी बोलायला सुरुवात केली, की त्या वेळी मी तुला, म्हणजे मला नंतर खूप वाटलं, वगैरे. ती म्हणाली, हात वयर कर. मी हात वर केला, तिने छातीचं माप घेतलं, आकडा मोठ्याने म्हटला आणि कोपऱ्यात हुक लावत बसलेल्या बाईने तो वहीत लिहिला. मग मला त्या बाईकडे बोट दाखवून म्हणाली, हिला ओळखलं का, ही तुझ्या गर्दीतली.

मी नाही ओळखलं. ती ज्युनियर आर्टिस्ट होती, त्या दिवशी बाल्कांवाच्या पायरीवर बसून जेवत होती. तिलापण त्याच संध्याकाळी व्हॅनिटीत जायचा निरोप होता, फोटो बघायचे आहेत म्हणून. जेवताना हिचं ऐकलं आणि गेलीच नाही, सरळ रस्त्यावर येऊन मडगावची बस धरली. मला ती नाहीशी झाल्याचं कळलंपण नव्हतं, पन्नास माणसांत एक, रात्री हजेरीच्या वहीत ‘एक कमी’ असं लिहिलं असेल आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी आणली असेल. आणली म्हणजे नक्कीच आणली. ती कोण होती, तिला कुणी बोलावलं का, हे मी कधी विचारलं नाही.

हुकवाली बाई वर न बघता म्हणाली, तू तिला गप कर म्हणालीस, पण तोपर्यंत तिचं सांगून झालेलं.

मागे गळा किती खोल, हा पुढचा प्रश्न. मी म्हटलं तुला बरं दिसेल तेवढा. तिने पावती फाडली, नाव विचारलं नाही. बाहेर येऊन बघितलं तर माझं पूर्ण नाव लिहिलेलं, आडनावासकट.

ब्लाऊज शुक्रवारी मिळणार होता. आज रविवार, अजून आणायला गेले नाही.