फार्गो: ड्रायव्हरच्या दाराची क्वार्टर ग्लास अखेर बसली

मंडळी, काल रात्री साडेनऊला माझ्या जुन्या फार्गोची (डॉजचीच, फक्त नाव वेगळं) क्वार्टर ग्लास, म्हणजे दाराच्या पुढच्या कोपऱ्यातली छोटी फिरती काच, पहिल्यांदा एका बोटाने बंद झाली. खटका टक्कन बसला आणि रस्त्यावरचा आवाज एकदम खाली गेला. या एका कोपऱ्यात माझे ३ रविवार गेलेत.

मोठ्या काचेचं काम तसं लवकर उरकलं. कुजलेली फेल्ट चॅनल (काच जिच्यातून वरखाली सरकते ती कापडी अस्तराची खाच) ओढून काढली, गंज घासला, रेड ऑक्साइड प्रायमर मारला आणि मुंबईत ऑपेरा हाउसहून मीटरवर आणलेली नवी चॅनल ठोकली. दाराच्या तळाची भोकं मात्र आधी मोकळी करा. माझ्या दारातून मूठभर चिखल निघाला. काचेला बाहेरून टेकणारी पट्टी कितीही नवी असली तरी पावसाचं थोडं पाणी काचेवरून आत उतरतंच, आणि ते बाहेर पडलं नाही की गंज पत्रा आतून खातो.

आता क्वार्टर ग्लास. तिच्या कडेला बसवायला आधी आणलेलं, मागच्या पोस्टमध्ये दाखवलेलं रबर मी परत केलं. दुकानदार ‘ओरिजिनलसारखंच’ म्हणत होता, पण नख दाबलं तर खूण उठत नव्हती. त्याऐवजी कुर्ल्यात सीएसटी रोडला मऊ ईपीडीएमची (एक प्रकारचं कृत्रिम रबर) पट्टी मिळाली. प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बांधलेल्या गाडीचं रबर कुर्ल्यातच मिळावं, याचा फार आनंद झाला. साधं रबर ताणलेलं असलं की हवेतल्या ओझोनने तडकतं, ईपीडीएम टिकतं. कोपरे ४५ अंशात कापून फेविक्विकने जोडले, सांधा बोटाला लागतही नाही. फक्त त्याला साधं ग्रीस लावू नका, फुगतं. सिलिकॉन ग्रीसच घ्या.

तरीही खटका पोचेना! दोनदा मी रबर तासत बसलो. शेवटी रबराला खडूची पूड चोळली, काच हलकेच दाबली आणि उघडून पाहिली. मागच्या कडेला खालच्या बाजूला पूड चिरडलेली, वर चार बोटं काचेला खडू लागलेलाच नाही. म्हणजे रबराचा दोषच नव्हता, क्वार्टर ग्लास आणि मोठी काच यांच्या मधली उभी दांडी तिरकी होती. दाराच्या आत टॉर्च घातला तर दांडीच्या खालच्या नटामागे, ४ मिलिमीटर अंतरावर, जुन्या हिरव्या रंगात वॉशरचा गोल ठसा दिसला. कारखान्यातून दांडी तिथे बसली होती. भोक लांबट आहे, पुढे कधीतरी कुणीतरी ती सरकवून आवळली. नट सैल करून वॉशर पुन्हा त्या ठशावर आणला आणि खडूची रेघ वरपासून खालपर्यंत सलग उठली. मोठी काच अर्धी उतरवल्यावर व्हायची ती खडखडही थांबली.

क्वार्टर ग्लास जिच्यावर फिरते त्या खालच्या खुंटीची स्प्रिंग अर्धा फेरा आवळली, आता काच ठेवाल त्या कोनात राहते. सीटवर वर्तमानपत्र पसरून १० मिनिटं पाइपने पाणी मारलं. कागद कोरडा.

डाव्या दारालाही हीच पट्टी कापून ठेवली होती, पुढच्या रविवारी सगळं उघडणार होतो. पण हे लिहितानाच वाटतंय, तिथे आधी जुन्या रबरावरच खडू लावून बघावा. खाली पूड चिरडली, तर पहिला पाना त्या नटालाच. तिकडचा खटका तुटलाय, कुणाकडे जुन्या डॉजचा डाव्या बाजूचा पडून असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.