दानपेटीसमोर बसलेला माणूस

कोल्हापुरात मी ख्रिश्चन आहे असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे तुम्ही मूळचे गोव्याचे?" नाही ओ, आम्ही हातकणंगले तालुक्यातले. घरात तांबडा-पांढरा होतो, नाताळला करंज्या होतात, मम्मीच्या गळ्यात मंगळसूत्र आहे फक्त वाट्यांच्या जागी बारका क्रूस आहे आणि हार्वेस्टच्या सणाला चर्चमध्ये भोपळ्यांचा आणि कोंबड्यांचा जोरात लिलाव होतो, तिथं आमचे पप्पा दरवर्षी ईर्षेला पडून बाजारभावाच्या दहापट देऊन भोपळा घरी आणतात. पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले, बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून आम्ही असे आहोत.

मी जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते, राजारामपुरीत छोटं ऑफिस आहे. हिशोब हाच धंदा, आणि भांडणही तिथूनच सुरू झालं.

आमच्या मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि बाकीच्यांनी आपापल्या मंडळीचं नाव घालून वाचलं तरी फार फरक पडणार नाही. मिशनरी गेले, जमिनी राहिल्या. तेव्हा गावाबाहेरचा माळ होता तो आता शहराच्या मधोमध आलाय, आणि एकदा स्क्वेअर फुटाचा भाव कळला की मग विश्वस्त व्हायला माणसं कशी उड्या मारतात ते बघायला मिळतं. आमच्याकडं दोन पॅनल आहेत, दोघंही म्हणतात खरे विश्वस्त आम्हीच, दोघांचेही चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करायचे अर्ज, धर्मादाय कार्यालयात पडून आहेत, एकानं दाखल केला की दुसऱ्याची हरकत, मग तारीख, मग अपील, वकिलांची मुलं शिकून मोठी झाली. एका इस्टरला तर दाराला दोन कुलुपं होती आणि बाहेर पोलीस व्हॅन, पुनरुत्थानाची उपासना हवालदाराच्या परवानगीनं झाली. त्याच वर्षीच्या कन्व्हेन्शनचा विषय होता प्रेम.

तर मी काय केलं, सर्वसाधारण सभेत उभी राहिले आणि विचारलं की चर्चचा हॉल लग्नाला भाड्यानं देतो त्याचे पैसे कुठल्या खात्याला जमा होतात, आणि ऑडिट रिपोर्ट सभासदांना का दाखवत नाही. सार्वजनिक न्यासांचा कायदा 1950 चा आहे, हिशोब ठेवायचे, तपासून घ्यायचे, दाखल करायचे हे काही मी शोधून काढलेलं नाही, गणपती मंडळाच्या पोरांनापण माहीत असतं. सभेत एकदम शांतता. मग मंडळीतले एक एल्डर उठले आणि म्हणाले, "सिस्टर, दावीदानं शौल राजावर हात टाकला नाही, अभिषिक्त माणसावर बोट उचलू नये." हॉलच्या भाड्याचा आणि शौल राजाचा काय संबंध ते अजून मला कळलेलं नाही. घरी आल्यावर पप्पा म्हणाले, "पोरी, गप बस की जरा. उद्या आपल्यातलं कोण गेलं तर कबरस्तानात जागेसाठी याच लोकांच्या सहीची चिठ्ठी लागते." हे खरं आहे. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, माती, सगळ्याला चिठ्ठी लागते आणि चिठ्ठी त्यांच्या हातात. म्हणून माणसं बोलत नाहीत, त्यांना दिसत नसतं असं नाही.

आणि दुसरी गोष्ट जातीची. ही चर्चच्या बाहेर कुणी बोलत नाही, आत तर अजिबात नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं अनुसूचित जातीतला माणूस ख्रिश्चन झाला की त्याच्या सवलती जातात, नंतर 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध त्यात घेतले, आम्ही नाही, कारण ख्रिश्चन धर्मात जात नसते म्हणे. सरकार म्हणतं जात गेली. आणि माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा मंडळीतल्याच एका घरातून चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत विचारणा, "मूळ गाव कुठलं तुमचं? गावात घर कुठल्या बाजूला?" पप्पांनी गावाचं नाव सांगितलं, बाजू सांगितली. पुढं निरोप आला की पत्रिका बघत नाही आम्ही पण योग नाही. म्हणजे सवलतीला जात नाही आणि सोयरिकीला आहे.

तर मी जायचं बंद केलं. रविवारी सकाळी भाजी आणायला जायला लागले, बरं वाटायचं. मधे एका मैत्रिणीच्या आग्रहानं एका नव्या फेलोशिपमध्ये गेले, कीबोर्ड, ड्रम, मोठा स्क्रीन, तिथं पास्टर एका शुगरच्या पेशंट मावशींना सगळ्यांसमोर सांगत होते की गोळी म्हणजे अविश्वास. मी मावशींना बाहेर गाठून सांगितलं गोळी सोडू नका, आणि तो विषय तिथंच संपला.

लोकांना वाटतं की चर्च सुटलं म्हणजे देव सुटला. मलापण तसंच वाटत होतं, खरं सांगायचं तर हलकं वाटत होतं. मग एका रिटर्नच्या सीझनला, वीस तारखेची रात्र, पोर्टल नेहमीप्रमाणं गोल गोल फिरतंय, ओटीपी येत नाही, आणि ऑफिसच्या कपाटात आज्जीचं जुनं शास्त्र, म्हणजे बायबल, होतं ते काढलं. येशूच्या चरित्राची चार शुभवर्तमानं आहेत त्यातला मार्क उघडला कारण तो सगळ्यात छोटा आहे, सोळा अध्याय, दीड तासात संपतो. लहानपणापासून तुकड्यातुकड्यानं ऐकलेलं, आज हे वचन, पुढच्या रविवारी ते, पण सलग असं कधी वाचलंच नव्हतं.

बाराव्या अध्यायात ती विधवा येते, दोन बारीक नाणी टाकणारी. ही गोष्ट प्रत्येक चर्चवाल्याला पाठ आहे कारण दानार्पणाच्या आधी हमखास हीच सांगतात, बघा तिनं सर्वस्व दिलं, तुम्ही काय देताय, आणि मग ताट फिरतं. पण तिच्या लगेच आधी काय आहे ते कुणी वाचत नाही. येशू सांगतोय की शास्त्र्यांपासून सांभाळा, लांब झगे घालून मिरवतात, पहिल्या रांगेत बसतात, लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात. हे बोलून झालं की तो दानपेटीच्या समोर जाऊन बसतो, कोण काय टाकतंय बघत. आणि तिथं एक विधवा येते आणि होतं नव्हतं ते टाकून जाते. म्हणजे घर गिळलं जातंय ते डोळ्यासमोर! तुम्हीपण हिच्यासारखं करा असं तो कुठंच म्हणत नाही. आणि पुढचं वाक्य, ते तेराव्या अध्यायात गेलंय पण अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात घातलेत, मुळात सलगच आहे, शिष्य म्हणतात गुरुजी केवढे दगड, केवढी इमारत, आणि हा म्हणतो यातला दगडावर दगड राहणार नाही. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी ते मंदिर खरंच पाडलं.

मी हिशोबवाली बाई, मला हे वाचून अंगावर काटा आला. जो उतारा वापरून आमच्याकडं पैसे गोळा करतात तोच उतारा मुळात तक्रार आहे. ऑडिट ऑब्जेक्शन म्हणा हवं तर.

मत्तयाच्या शुभवर्तमानात तर अजून आहे, पुदिना, शेप आणि जिरं यांचासुद्धा दशांश मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. जिऱ्याचा दहावा भाग मोजणारी माणसं माझ्या रोजच्या ओळखीची आहेत, फक्त आमच्याकडं ती जिरं मोजतात आणि हॉलचं भाडं विसरतात.

पण नुसती टीका सापडली म्हणून विश्वास बसला असं नाही, पुरोहितांवर टीका कोल्हापुरात रस्त्यावर फुकट मिळते. मला धरलं ते त्याच्या बसण्यानं. त्या मंदिरात त्याला कुणी काही विचारत नव्हतं, तो कुठल्या कमिटीवर नव्हता, आणि एवढ्या गर्दीत त्यानं त्या एका बाईकडं बघितलं जिच्या दोन नाण्यांचा आवाजपण आला नसेल. त्याच आठवड्यात त्याला धरलं. रात्रीतून सभा भरवली, साक्षीदार उभे केले, आणि मार्क लिहितो की त्यांच्या साक्षी एकमेकांशी जुळेनात. हे वाचून मी ऑफिसमध्ये एकटी हसले, कारण आमच्या तारखांनापण अगदी हेच होतं. मग धर्माच्या पुढाऱ्यांनी त्याला राज्यपालाच्या हवाली केलं आणि रोमन सरकारनं खिळे मारले. म्हणजे हा स्वतःच कमिटीनं संपवलेला माणूस. आणि मी कमिटीमुळं याला सोडायला निघाले होते.

त्या रात्री मी प्रार्थना केली असं म्हणता येईल का माहीत नाही, "तू बघितलंस नव्हं हे सगळं?" एवढंच मोठ्यानं बोलले. उत्तर वगैरे आलं नाही, ओटीपी आला. पण तेव्हापासून बोलणं सुरू आहे. रंकाळ्यावर चालताना, भांडी घासताना, पोर्टल अडकल्यावर. छापील प्रार्थनेतली "हे सर्वसमर्थ परमेश्वरा" वाली भाषा माझ्या तोंडात बसत नाही, मी आज्जीशी बोलायचे तसं बोलते. भांडते पण. नरकाबद्दल जे शिकवलंय ते मला पटत नाही, माझ्या निम्म्या मैत्रिणी अंबाबाईला जातात आणि त्या माझ्यापेक्षा बऱ्या आहेत. मार्काच्या सगळ्यात जुन्या प्रतींमध्ये शेवट असा आहे की बायका रिकाम्या कबरेपासून घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, बस, तिथं संपतं. मला तो शेवट लई आवडतो. घाबरलेल्यांनापण त्यात जागा आहे.

एकदा हे डोक्यात बसल्यावर मग जुनी माणसं वाचायला लागले आणि कळलं की आपण काही जगावेगळं करत नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या मठातल्या सिस्टर लोकांशी त्यांचा पत्रांतून वाद, की भटजींच्या जोखडातून एवढ्या कष्टानं मान सोडवली ती दुसऱ्या तसल्याच जोखडात घालायला नाही. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांना जाणवलं की ख्रिस्ताचा धर्म तर मिळाला पण ख्रिस्तच पाहिजे होता. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, आणि 1917 ला त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही चालतील असा.

आणि सगळ्यात गंमत म्हणजे आपल्या कोल्हापूरची मिशनच मुळात भांडणातून वर आली. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 ला इथं आले, त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या मिशन बोर्डाशी त्यांचं शाळांवरून वाजलं, बोर्डानं काढलं, तर हा माणूस 1861 ला स्वतःच्या हिमतीवर परत आला आणि बोर्डाशिवाय काम करत राहिला, 1870 ला प्रेस्बिटेरियन पंथाच्या मिशननं ते काम घेतलं तोवर. आम्हाला संडे स्कूलमध्ये त्यांचा फोटो दाखवलाय, बोर्डानं काढलं होतं हे कुणी सांगितलं नाही.

शाहू महाराजांच्या गावात वाढल्यावर हे वेगळं शिकवायला लागू नये खरं तर. 1911 ला इथं सत्यशोधक समाज निघाला, देव आणि माणसाच्या मधे दलाल नको हा फुल्यांचा विचार या मातीत तेव्हापासून मुरलाय. पण महाराजांनाही पुढं 1920 ला पाटगावच्या मठात क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचा स्वतःचा धर्मगुरू, नेमावा लागला. म्हणजे एक पीठ नको म्हणून दुसरं पीठ. माणसांना संघटना लागतेच बहुतेक, हा मुद्दा मला टाळता येत नाही.

कारण 2019 चा पूर पण मी बघितलाय. पंचगंगेची धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट, पाणी पंचावन्नच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, शहराचं बेट झालेलं. तेव्हा आमच्याच मंडळीचा तो भाड्याचा हॉल उघडला, कुणी उघडला, चावी कुठल्या पॅनलकडं होती कुणी विचारलं नाही. एकमेकांवर केसेस असलेल्या दोन घरच्या बायका एका परातीत कणीक मळत होत्या. आलेल्यांतले बहुतेक ख्रिश्चन नव्हतेच, कुणी त्यांचं मूळ गाव विचारलं नाही. मी एकटी शास्त्र वाचून त्यातल्या एका माणसालापण जेवण घालू शकले नसते. पाणी उतरलं आणि महिन्याभरात परत तारखा सुरू झाल्या, ते सोडा.

त्यामुळं सध्या माझं असं अधांतरी आहे. प्रभुभोजनाच्या रविवारी जाते, मागच्या बाकावर बसते, संदेश लांबला की बाहेर येते. दानाच्या पाकिटात घालायचे पैसे एका मुलीच्या नर्सिंगच्या फीला जातात, हिशोब दाखवतील त्या दिवशी परत पाकीट सुरू. वर्गणी मात्र वेळेवर भरते, कारण सभासदत्व गेलं तर सभेत तोंड उघडता येत नाही. पुढच्या सभेसाठी ऑडिट रिपोर्ट मागायचा अर्ज टाईप करून ठेवलाय. पप्पांनी चष्मा लावून वाचला, लाल पेननं शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि परत दिला, सही करणार का विचारलं तर म्हणाले, "माझं नाव नको, पण तो दुसरा मुद्दा पहिला घे."