तुटलं नाही न अजून!

मुलीच्या दातांना तार लावलीय. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत दोन्हीकडे एकेक बारीक रबर. ते रोज बदलायचं, आणि रोज आमच्याकडे तोच वाद. "कालचंच राहू दे न आई, तुटलं कुठे?"

परवा दुपारी कूलरसमोर बसून तिच्या रबरांचं पाकीट वाचलं. 1/4 इंच, 4.5 औंस. म्हणजे पाव इंच व्यासाचं रबर त्याच्या तिप्पट ताणलं की सव्वाशे ग्रॅमहून थोडी जास्त ओढ. पण ही ऐट नव्या रबराची. तोंडात गेलं की पहिल्या तासाभरातच ओढ झपाट्याने उतरते, मग दिवसभर हळूहळू. लाळ, तोंडातली ऊब, जांभई देताना बसणारे हिसके. आत रबराचे लांबलचक रेणू एकमेकांवरून सरकतात आणि तिथेच बसकण मारतात. दिसायला मात्र रबर तसंच, गोल नि अखंड. दात हलायचा तर हाडावर सतत हलका ताण हवा, तो मिळतच नाही. डॉक्टर तिला म्हणाले, "तुटायची वाट नाही पाहायची." तिने मान हलवली. लागलं मला.

कारण मी तुटायची वाट पाहणाऱ्या घरातली. नागपुरात महाल भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला रबरांचा घोस असे. मिठाईच्या डब्याचं, औषधाच्या पुडीचं, कुठलंही रबर आई फेकत नसे. त्यातलंच एक आमच्या पत्त्यांच्या कॅटला लावलेलं. वर्षभर कॅट फडताळात, आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकला की वाळ्याच्या ताट्यांआड डाव. एका वर्षी कॅट काढला तर रबर वितळून वरच्या पानाच्या पाठीला चिकटलेलं. नखाने खरवडलं, रॉकेलचा बोळा फिरवला. रबर निघालं, तपकिरी पट्टा राहिला. ती इस्पिकची राणी. त्यानंतर राणी कोणाच्या हातात आहे हे समोरच्याला पाठीवरूनच कळे. चॅलेंज खेळायची सोयच उरली नाही. तरी नवा कॅट आला नाही. बावन्न पानं शाबूत होती न!

रबर उन्हाळ्यात चिकट होऊ नये म्हणून गंधक घालून तापवायची युक्ती चार्ल्स गुडइयरला 1839 साली सापडली. त्याने नागपूरचा मे पाहिला नव्हता.

पत्त्यांचं ठीक आहे. बाबा बीपीची गोळीही याच हिशेबाने टाळायचे. "काही होऊन नाही राहिलं न मला, मग काहून घेऊ?" दिसायलाही ते अगदी ठणठणीत. सकाळी फुटाळा तलावापर्यंत सायकल मारून यायचे.

जाऊ द्या. ते लिहायला बसले नव्हते.