वाढतोय झकास, फूल एक नाही

वेलीचा गुलाब नर्सरीतून घरी येतो तेव्हा त्याला बहुधा फुलं असतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. छोट्याशा पिशवीतल्या रोपाला तीन फुलं आणि दोन कळ्या पाहून घेणारा मनात हिशेब मांडतो: आताच पाच, तर कमानीवर चढल्यावर किती! रोप जमिनीत जातं, ती पाच फुलं गळून पडतात आणि पुढे वर्षभर नुसता हिरवा कारभार. फांद्या दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत पोचतात, पानं तुकतुकीत, काटे धारदार, पण कळीचा पत्ता नाही. मग "याला काय घालू?" सुरू होतं. कुणी चहाचा चोथा सुचवतं, कुणी केळीची सालं, कुणी ताक.

बहुतेक वेळा काहीच घालायचं नसतं. नर्सरीतली फुलं ही तिथल्या खतपाण्याची कमाई होती. जमिनीत गेल्यावर रोपाला पहिली चिंता मुळांची. पहिलं वर्ष मुळं पसरण्यात जातं, दुसरं मुख्य फांद्या उभ्या करण्यात, आणि फुलांचा खरा हंगाम तिसऱ्या वर्षी येतो. झुडपी गुलाब छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत फुलतो, म्हणून वेलीकडूनही आपण तीच अपेक्षा ठेवतो. पण झुडपाला तीन-चार फूट वाढायचं असतं, वेलीला दहा-बारा. आधी सांगाडा, मग शोभा, हा क्रम ती बदलत नाही.

आता खरी गंमत. गुलाबाला चढणं आणि फुलणं ही दोन्ही कामं एकाच वेळी नीट जमत नाहीत. सरळ वर निघालेल्या फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे पानांच्या बगलेतल्या कोंबांना, झोपवून ठेवतं. म्हणून उभ्या फांदीला फूल आलंच तर अगदी टोकाला, तुमच्यापेक्षा वरच्या मजल्यावरच्यांना दिसेल असं. तीच फांदी आडवी वाकवली की शेंड्याचा वरचष्मा कमी होतो, फांदीभर डोळे जागे होतात आणि प्रत्येकातून वीतभर बगलफूट निघते. फुलं येतात ती या बगलफुटींवर. खताच्या दुकानात याला पर्याय मिळत नाही. सुतळी मात्र लागते.

बांधायची पद्धत अशी. भिंतीवर जमिनीपासून दीड फुटावर पहिली तार, मग दर फुटाला एक. तारा भिंतीला चिकटवू नयेत, तीन इंच अंतर सोडावं. मधून हवा खेळली की भुरीचा, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीचा, त्रासही कमी होतो. रोपही भिंतीच्या बुडाशी नको, दीड फूट लांब लावून भिंतीकडे कलतं करावं. फांद्या हाताच्या पंज्यासारख्या पसरवून घ्याव्यात: बाहेरच्या जवळजवळ आडव्या, मधल्या साधारण ४५ अंशांत. गाठ इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, एक फास तारेला आणि एक सैल फास फांदीला. प्लॅस्टिकची तार करकचून आवळली तर फांदी जाड झाल्यावर ती सालीत रुतते. वाकवायची ती फांदी पेन्सिलीएवढी असतानाच; अंगठ्याएवढी झाली की बुडातून फाटते. एका दमात आडवी करू नये, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा थोडी थोडी खाली ओढावी. भल्या पहाटे फांद्या पाण्याने भरून ताठ असतात आणि पटकन मोडतात, दुपारनंतर त्या जरा लवचीक होतात. खांब किंवा कमान असेल तर फांदी सरळ वर नेऊ नये, गोल गुंडाळत न्यावी. आपल्याकडच्या बंगल्यांच्या फाटकांवर बहुतेक कमानींना फुलं फक्त माथ्यावर असतात, त्याचं कारण हेच.

दुसरा मोठा गुन्हेगार सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री. पाऊस सरला, ऑक्टोबर उजाडला की गुलाब छाटायचे, हे महाराष्ट्रातल्या बागवेड्यांच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. झुडपी गुलाबाला ते मानवतं. वेलीलाही त्याच उत्साहात गुडघ्याएवढी केली, तर वर्षभर कमावलेला सांगाडाच जातो आणि ती पुन्हा पहिलीपासून सुरू करते. असे लोक दरवर्षी छाटतात आणि दरवर्षी फुलांची वाट बघतात. पहिली दोन-तीन वर्षं मुख्य फांद्यांना हात लावू नये; वाळलेलं, काळं पडलेलं तेवढं काढावं. पुढे ऑक्टोबरात बगलफुटी दोन-तीन डोळ्यांवर आखूड कराव्यात, आणि पाच-सहा वर्षांची एखादी थकलेली फांदी बुडातून काढून नवीला जागा द्यावी. 'क्लाइंबिंग पीस', 'क्लाइंबिंग आइसबर्ग' अशा जाती म्हणजे मूळ झुडपी गुलाबांनी अचानक बदलून धरलेलं वेलरूप. त्यांना लवकर आणि कडक छाटलं तर त्या पुन्हा झुडूप होऊ शकतात. त्यातली पीस फुलं देण्यात जात्याच कंजूष, हे नर्सरीत कुणी सांगत नाही.

हा कंजूषपणा जनुकातच असतो. गुलाबात केएसएन नावाचं एक जनुक फुलण्याला लगाम घालतं. बारमाही फुलणाऱ्या गुलाबांत ते बिघडलेलं असतं, म्हणून ते फुलत राहतात. वर्षातून एकदा फुलणाऱ्यांत ते शाबूत असतं. 'ओल्ड ब्लश' या जुन्या चिनी गुलाबाच्या वेलरूपात हे बिघडलेलं जनुक पुन्हा कामाला लागलेलं आढळलं. झाड चढू लागलं आणि पुन्हा पुन्हा फुलणं सोडून बसलं! याच्या उलट किस्सा अमेरिकेतला. 'डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट' हा वर्षातून एकदाच बहरणारा वेलगुलाब. त्याचीच एक फांदी वारंवार फुलणारी निघाली. तिचं नाव 'न्यू डॉन'. ऑगस्ट १९३१मध्ये अमेरिकेतलं वनस्पतीचं पेटंट क्रमांक एक मिळालं ते याच गुलाबाला. वेलीने सतत फुलावं ही गोष्ट किती दुर्मीळ, ते यावरून कळावं. तेव्हा घेताना जात विचारावी. रॅम्बलर प्रकारचे गुलाब थंड हवेत, जुन्या फांदीवर, वर्षातून एकदाच फुलतात. मुंबई-कोकणात त्यांच्याकडून आशा धरू नये.

कधी कधी मात्र जोमाने वाढतोय तो आपला गुलाबच नसतो. रोप डोळा भरून केलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर (खुंटावर) आपल्या जातीचा डोळा बसवलेला असतो, आणि त्या सांध्याच्या खालून खुंटाची फूट निघते. खुंट बऱ्याचदा रोझा मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचा. त्याची पानं फिकट आणि बारीक, देठाच्या तळाशी झालरीसारखी किनार. पानाला सात पर्णिका म्हणजे खुंट, ही सर्रास सांगितली जाणारी खूण फसवी आहे, कारण कित्येक चांगल्या जातींनाही सात असतात. खात्रीचा उपाय एकच: माती उकरून फूट कुठून आली ते बघायचं. सांध्याच्या खालून असेल तर कापू नका, बुडातून ओरबाडून काढा. कापली तर तिथून चार येतात. लावताना सांधा मातीच्या दोन इंच वर ठेवला की ही ओळख सोपी जाते.

ऊन सहा तास हवं. चार तासांत गुलाब जगतो, पण नुसताच जगतो. कुंडी अठरा इंचांहून लहान नको. खतात नत्र जास्त झालं की पानंच पानं. युरियाची चिमूट आणि दर आठवड्याचं शेणपाणी आधी बंद. जमिनीतल्या रोपाला ऑक्टोबरात पाच किलो कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, एक मूठ बोनमील (हाडांचा चुरा) पुरतं.

कळ्या येऊन करपत असतील तर ती तक्रार वेगळी. पाकळ्यांच्या कडा तपकिरी होऊन कळी अर्धवट उघडत असेल, तर ती पांढऱ्या कागदावर झटका. बारीक पिवळट-काळे फुलकिडे पळताना दिसतील. आणि फूट निघून टोकाला कळीऐवजी नुसतं पान येत असेल, तर ती आंधळी फूट. ती खालच्या दणकट डोळ्यापर्यंत मागे छाटावी, पुढची बहुधा कळी घेऊन येते.

एवढं करून, फांद्या आडव्या, ऊन भरपूर, खुंटाची शंका नाही, आणि तिसरा हिवाळाही कोरडा गेला, तर खुशाल काढून टाका. त्याच खड्ड्यात मात्र लगेच दुसरा गुलाब लावू नका, नवा रोगट राहतो. दीड-दोन फूट खोल माती काढून ती जास्वंदीला किंवा भाजीला टाकावी, नवी भरावी आणि मगच नवं रोप आणावं. या वेळी फुलं नसलेलं आणलं तरी चालेल.