खेळायचे पैसे

टोप्या बनवणारे दोघे, विम्यातले दोघे, एक हिशेबनीस, एक पियानो बनवणारा, एक संगमरवर घडवणारा, एक नक्षी कोरणारा आणि एक सोनार. परवा दुपारी जेवून आडवी झाले होते, हातात फोन होता, आणि ही यादी समोर आली. कुठल्या तरी पेठेतल्या गणेश मंडळाची कार्यकारिणी असावी असं वाटलं. निघाला अमेरिकेतला पहिला उघडपणे पगारी बेसबॉल संघ, १८६९ सालचे सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज. प्रत्येकाच्या नावापुढे धंदा आणि धंद्यापुढे त्या मोसमाचा पगार. झोप गेली ती गेलीच.

बेसबॉलचं मला प्रेम वगैरे नाही. लेकीकडे अमेरिकेत गेलं की जावई हौसेने सामना लावून देतो आणि मी थोड्याच वेळात पेंगायला लागते. पण आकडे मांडलेला कागद दिसला की वाचायचाच, ही खोड जुनी. भेळ खाऊन झाली की चिंचेच्या पाण्याने अर्धा पुसला गेलेला रणजीचा धावफलक मी चौपाटीवर उभ्या उभ्या वाचत बसे, आणि आई पार पुढे निघून गेलेली असे. आमच्या गिरगावातल्या चाळीत मुलींना बॅट मिळायची नाही. वही मात्र माझ्याकडे, अक्षर बरं म्हणून. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून मी स्कोअर लिहायचे. एकही धाव न देता षटक गेलं की सहा टिंबं जोडून मेडनचा ‘एम’ काढायचा, त्याच्यासारखं सुख नव्हतं. बोलर कोण का असेना, मेडन माझी.

त्यामुळे हेन्री चॅडविक हा गृहस्थ मला आपला वाटतो. जन्म इंग्लंडातल्या एक्सेटरचा, लहानपणीच अमेरिकेत आला, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला आणि तिथून बेसबॉलकडे वळला. क्रिकेटचा धावफलक डोक्यात होताच, त्यावरून त्याने बेसबॉलचा तक्ता बसवला. कोणी किती धावा काढल्या, कोण किती वेळा बाद झालं, सगळं चौकटीत. स्वतः नाव काढावं असं मैदानावर काही केलं नाही, पण बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तो आहे. जिन्यावर बसणाऱ्यांतला एक तरी वर पोचला.

तर पगार. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा जॉर्ज राइट, नक्षी कोरणारा, १,४०० डॉलर. त्याचा मोठा भाऊ हॅरी राइट, सोनार, १,२०० डॉलर. हॅरी कप्तान, हॅरी मॅनेजर, संघ बांधला हॅरीने, पोरांना शिस्त लावायची हॅरीने, आणि पगार धाकट्यापेक्षा दोनशेने कमी. आमच्याकडे यावरून दोन घरं वेगळी झाली असती. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ब्रेनार्ड विम्यातला, ११०० डॉलर. टोपीवाले, पियानोवाला, संगमरवरवाला, हिशेबनीस, सगळे सरसकट आठशेवर. राखीव खेळाडू धरून एकूण ९,३०० डॉलर. एवढ्या पैशांत मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत या मंडळींनी फक्त खेळायचं.

आणि खेळले! त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वेचे रूळ जोडून पूर्वेकडून पार पॅसिफिकपर्यंत गाडी सुरू झाली होती, तर सप्टेंबरात हे लाल मोजेवाले थेट सॅन फ्रान्सिस्कोला खेळायला हजर. सबंध मोसमात एकही सामना हरले नाहीत. वर्षअखेर जमाखर्च मांडला तेव्हा क्लबाच्या गल्ल्यात शिल्लक निघाली १ डॉलर ३९ सेंट.

हा आकडा मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, “आपल्या सोसायटीपेक्षा बरी परिस्थिती आहे.”

त्याआधी खेळाडू पैसे घेत नसत असं नाही. नियमाने मनाई होती, म्हणून चोरून घेत. हाच जॉर्ज राइट १८६७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल्स क्लबाकडून खेळायचा. कागदोपत्री कारकून. कामाचा पत्ता दिलेला, २३८ पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यू. तिथे म्हणे सार्वजनिक बाग होती.

हे वाचलं आणि मला आमचे नाना आठवले. दुसऱ्या मजल्यावर राहायचे, बँकेत होते. सकाळी डबा आणि किटबॅग घेऊन निघायचे, मस्टरवर सही करायचे आणि दहाच्या आत मैदानावर. टाइम्स शील्डचे, म्हणजे हापिसांच्या संघांमधल्या सामन्यांचे दिवस असले की चाळीतली निम्मी माणसं आपापल्या हापिसातून ‘जरा जाऊन येतो’ म्हणून आझाद मैदानाच्या कडेला उभी. मुंबईत तेव्हा बँका, गिरण्या, सिमेंट कंपन्या, सगळ्यांचे संघ होते आणि चांगली बॅट धरणाऱ्याला टेबल-खुर्ची नक्की मिळायची. नानांच्या लग्नात मुलीकडच्यांना ‘बँकेत आहे’ एवढंच सांगितलं होतं. आजीने एकदा आजोबांना विचारलं, “हा बँकेत नक्की करतो तरी काय?” आजोबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “बॅटिंग.”

पुढे नानांचे गुडघे गेले आणि त्यांना खरोखरच काउंटरवर बसावं लागलं. मी माझं पहिलं खातं त्यांच्याच शाखेत काढलं. ते नोटा मोजायचे तेव्हा उजव्या हाताची करंगळी वेगळी, ताठ उभी राहायची. स्लिपमध्ये कॅच घेताना मोडली होती आणि वाकडीच जुळली. रबरी अंगठी घातलेल्या बोटाने सरसर नोटा सरकताहेत आणि बाजूला ही करंगळी हिशेबात भाग न घेता उभी. लोकांना वाटे, नाना नखरा करतात. त्यांना बँकेने पगार नेमका कशाचा दिला, हे मात्र कोणी कधी विचारलं नाही. विचारायचं नसतं, एवढं चाळीला कळत होतं.

बोटांवरून आठवलं. बेसबॉलमध्ये सुरुवातीला हातमोजे नव्हतेच. संगमरवर घडवणारा डग अॅलिसन हा त्या सिनसिनाटीचा कॅचर, म्हणजे आपल्याकडचा विकेटकीपर. १८७० मध्ये त्याने हात वाचवायला कातड्याचे मोजे घातले, त्याची पेपरात बातमी झाली. पण मला आवडतो चार्ल्स वेट. त्याने १८७५ मध्ये मोजा घातला तो मुद्दाम कातडीच्या रंगाचा, म्हणजे लांबून कोणाला कळू नये. मोजा घालणं म्हणजे नाजूकपणा! ही हकीकत आपल्याला माहीत आहे ती अल्बर्ट स्पॉल्डिंगमुळे. तो तेव्हाचा नावाजलेला पिचर. त्याने वेटला गाठून मोजा पाहिला आणि दोन वर्षांनी स्वतः चक्क काळा मोजा घालून उतरला. स्पॉल्डिंग एवढा मोठा खेळाडू, त्याला हसायची कोणाची टाप नव्हती. शिवाय आदल्याच वर्षी त्याने शिकागोत खेळाच्या सामानाचं दुकान टाकलं होतं. वेटने जे लपवलं ते याने काउंटरवर मांडलं. धंदा असा करावा.

आणि एक टप्पा आऊट! ही आपल्या गल्लीची मिरास आहे असं मी आजवर समजत होते. बेसबॉलमध्ये चेंडूचा एक टप्पा पडल्यावर झेलला तरी बॅट्समन बाद, हा रीतसर कायदा होता, तोसुद्धा १८६४ सालापर्यंत. फाउल, म्हणजे हद्दीबाहेर उडालेल्या चेंडूंसाठी तर आणखी बरीच वर्षं चालला. मग हे काय पोरखेळासारखं, मर्दानी खेळाला शोभत नाही, अशी ओरड होऊन तो गेला. आमच्याकडे त्यात एक हाताची अट होती आणि पहिल्या मजल्यावरच्या खिडकीला लागून आलेला चेंडू एक टप्प्यात धरावा का, यावरून पावसाळाभर अबोला झाला होता. त्याहून जुन्या बेसबॉलमध्ये पळणाऱ्याच्या पाठीत चेंडू हाणला की तो बाद. ही सरळ आपली आबाधुबी. १८४५ च्या निकरबॉकर क्लबाच्या नियमांनी ते बंद केलं. बंद केलं म्हणून कडक चेंडू वापरता आला आणि कडक चेंडू आला म्हणून बोटं मोडायला लागली. सुधारणा म्हणतात ती अशी.

राइट बंधूंचा बाप सॅम राइट हा मूळ क्रिकेटवाला. न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात पगारावर होता. इंग्लंडात शेफिल्डला जन्मलेला हॅरीही आधी क्रिकेटचाच व्यावसायिक. पैसे घेऊन खेळणारा म्हणजे नोकर, ही समज या लोकांनी घरातच पाहिलेली. इंग्लंडच्या धावफलकात तर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापत आणि पगारी खेळाडूची नंतर. लॉर्ड्सवर ‘जेंटलमेन’ विरुद्ध ‘प्लेयर्स’ असा सामना १९६२ पर्यंत होत होता, म्हणजे माझ्या जन्मानंतरही! १८७४ मध्ये हॅरी आपले पगारी गडी घेऊन त्याच लॉर्ड्सवर गेला. बेसबॉल दाखवला आणि क्रिकेटही खेळला, अठरा जण मैदानात उतरवून. हरला नाही. अठरा असल्यावर आमची चाळही हरली नसती.

पुण्यात पळवणकर बाळू इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर होते. रोलर फिरवायचा, नेट बांधायचं आणि कॅप्टन ग्रेगला तासन्‌तास बॉलिंग टाकायची. त्यांची डावखुरी फिरकी ज्या हिंदू संघाला हवी होती, तो संघ मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू घ्यायचा आणि चहाच्या वेळी अस्पृश्य जातीचे म्हणून त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या कपात चहा द्यायचा. ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. मला त्या दुपारी नवा कळला तो मोझेस फ्लीटवुड वॉकर. बाळूंच्या थोडाच आधीचा.

वॉकर कृष्णवर्णीय, टोलेडोच्या संघाचा कॅचर. १८८३ मध्ये शिकागोचा संघ टोलेडोत आला तेव्हा त्यांचा कप्तान कॅप अॅन्सन म्हणाला, हा मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही. वॉकरला दुखापत झालेली, त्या दिवशी त्याला खेळवायचं ठरलंही नव्हतं. टोलेडोच्या मॅनेजरने मुद्दाम उतरवला आणि अॅन्सनला कळवलं की खेळला नाहीस तर गेटवरच्या पैशांतला वाटा मिळणार नाही. अॅन्सन खेळला. चार वर्षांनी त्याच अॅन्सनचं चाललं, वॉकर बाहेर बसला, आणि त्याच दिवशी वॉकर तेव्हा ज्या लीगमध्ये खेळत होता तिच्या मालकांनी यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असं मतदानाने ठरवलं. मोठ्या लीगमध्ये वॉकर आणि त्याचा भाऊ खेळले ते १८८४ मध्ये. त्यानंतरचा कृष्णवर्णीय खेळाडू, जॅकी रॉबिन्सन, उतरला थेट १९४७ मध्ये.

त्या १८८४ च्या मोसमात टोलेडोचा मुख्य पिचर होता टोनी मुलेन. कॅचरने बोटांनी खूण करायची आणि पिचरने तसा चेंडू टाकायचा, ही पद्धत. मुलेनने १९१९ मध्ये स्वतःच सांगून टाकलं की वॉकरइतका चांगला कॅचर मला कधी मिळाला नाही, पण काळ्या माणसाची खूण पाळायची नव्हती, म्हणून मी मनाला येईल ते टाकायचो. एकदा वॉकरने वळणाऱ्या चेंडूची खूण केली आणि याने जोरकस सरळ चेंडू मारला. वॉकरने तो झेलला, चालत मुलेनपाशी गेला आणि म्हणाला, खुणांशिवाय मी तुझे चेंडू घेईन, पण खूण केल्यावर तू उलटं टाकणार असशील तर घेणार नाही. राहिलेला सगळा मोसम त्याने पुढे काय येणार हे माहीत नसताना चेंडू घेतले.

मी उठून चहा टाकला आणि त्या वर्षीचा टोलेडोचा तक्ता शोधून काढला. संघाने ४६ सामने जिंकले. त्यांतले ३६ विजय मुलेनच्या नावावर आहेत. कॅचरच्या नावे विजय मांडायचा रकानाच नसतो.