बिलिंगच्या सर्व्हरसाठी डेबियन आणि पोस्टग्रेस
जळगावच्या दाणा बाजारातील व्यापाऱ्यांसाठी आम्ही उभारलेल्या बिलिंग प्रणालीत पावती, साठा आणि करआकारणी हे भाग स्वतंत्र आहेत. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले, तेव्हा केवळ कराच्या भागाला हात लावावा लागला. सर्व्हरसाठी मी डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम निवडली, कारण रेड हॅट कंपनीच्या हाती असलेल्या सेंटओएस ८ या लिनक्स सिस्टीमचे अपडेट २०२९ ऐवजी २०२१ अखेरीसच थांबवले गेल्यापासून एकाच कंपनीच्या मर्जीवर चालणारी प्रणाली हिशेबासाठी मला नकोशी वाटते. बिलांची माहिती साठवणारा डेटाबेस मात्र पोस्टग्रेसच हवा: तो प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहितो आणि नंतर मूळ फाइलींत उतरवतो, त्यामुळे भर उन्हाळ्यात अचानक वीज गेली तरी पक्के झालेले बिल टिकते. वेगाच्या मोहाने एफसिंक, म्हणजे लिहिलेले खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करणारी सोय, कधीही बंद करू नये. दुकानांतील विंडोज तसेच राहू दिले, कारण बिल ब्राउझरमध्येच उघडते.