अर्धमेला कंट्रोलर

स्टोरेजचा, म्हणजे सर्व्हरांचा डेटा डिस्कवर साठवणाऱ्या उपकरणाचा, कंट्रोलर (त्याचा कारभार पाहणारा बोर्ड) एकदाचा पूर्ण बंद पडला, तर पुढचे काम तुलनेने सोपे असते. दोन कंट्रोलरांची जोडी असते ती त्यासाठीच. एक गेला की दुसरा त्याच्याकडचे व्हॉल्यूम (साठ्याचे भाग) स्वतःकडे घेतो, सर्व्हरवरचा मल्टिपाथ (स्टोरेजकडे जाणाऱ्या अनेक वाटा सांभाळणारे सॉफ्टवेअर) वाट बदलतो आणि वापरणाऱ्याला बहुधा काही कळतही नाही. खरा त्रास देतो तो अर्धमेला कंट्रोलर. रत्नागिरीत आमच्या संस्थेचे जे लहानसे डेटा सेंटर मी सांभाळते, तिथे या पावसाळ्यात नेमके तेच झाले. लॉगमध्ये मेमरीच्या दुरुस्त होण्याजोग्या चुका वाढत गेल्या आणि मग दुरुस्त न होणारी एक चूक आली. कंट्रोलर आपोआप रीसेट झाला, जोडीदाराने काम उचलले, हा पुन्हा उठला, स्वयंचलित फेलबॅकने त्याचे व्हॉल्यूम त्याला परत दिले आणि थोड्याच वेळात तो पुन्हा कोसळला.

अशा प्रत्येक हेलकाव्यात डेटाबेस काही सेकंद अडकून राहतो आणि मग चौकशीचे फोन येतात ते नेटवर्कबद्दल. म्हणून सपोर्टकडे तक्रार नोंदवण्याच्याही आधी स्वयंचलित फेलबॅक बंद करावा आणि आजारी कंट्रोलरला सर्व्हिस मोडमध्ये अडकवून ठेवावे, असे माझे मत आहे. तो वारंवार उठू पाहतो, हेच घातक असते. एकदा स्वस्थ बसवला की निदान परिस्थिती स्थिर होते.

स्थिर म्हणजे चांगली नव्हे. जोडीतला एक गेला की कॅशची, म्हणजे डिस्कवर जाण्याआधी मेमरीत ठेवलेल्या डेटाची, दुसरी प्रत ठेवायला जागा उरत नाही. एरवी लिहायचा डेटा दोन्ही कंट्रोलरांच्या मेमरीत पोहोचला की सर्व्हरला लगेच पोच मिळते आणि डिस्कवर लिहिण्याचे काम मागाहून, सवडीने होते. एकटा पडलेला कंट्रोलर बहुतेक उपकरणांत ही सवलत काढून घेतो आणि डेटा डिस्कवर उतरल्याखेरीज पोच देत नाही. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी चार मिलिसेकंदांहून अधिक वाट पाहावी लागते; हेड हलवण्याचा वेळ त्याखेरीज. त्यातून व्हॉल्यूम रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारी रचना) वर असेल, तर एका लहानशा लिखाणामागे तीन वाचने आणि तीन लेखने पडतात. ‘सिस्टम आज फार स्लो आहे’ या तक्रारीचा हा सगळा हिशेब होता. अशा वेळी सेटिंग बदलून एकट्या कंट्रोलरवर जबरदस्तीने राइट-बॅक (आधी पोच, मागाहून लिखाण ही सवलत) चालू करण्याचा मोह होतो, आमच्याकडेही तसा आग्रह झाला. मी नकार दिला. उरलेला कंट्रोलर त्या अवस्थेत अचानक गेला, तर पोच दिलेला पण डिस्कवर न उतरलेला डेटा धोक्यात येतो, आणि डेटाबेसच्या दृष्टीने तो व्यवहार झालेला असतो. संथपणा सोसावा, तो परवडतो. रात्रीची बॅकअपची कामे मात्र एकमेकांवर येणार नाहीत अशी पांगवली, म्हणजे दिवसाच्या कामाला डिस्क मोकळ्या मिळाल्या.

नवा पार्ट येईपर्यंतचा वेळ मी प्रामुख्याने वाटा तपासण्यात घालवला. प्रत्येक सर्व्हरवर मल्टिपाथची यादी काढून पाहिले, की उरलेल्या कंट्रोलरकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा जिवंत आहेत, त्या दोन वेगवेगळ्या स्विचमधून जातात आणि कोणत्याही पोर्टवर चुकांचा आकडा वाढत नाही. एका जुन्या सर्व्हरची एक वाट केव्हाच मेलेली होती. बाकीच्या तीन चालू असल्यामुळे तिची उणीव कुणाला भासली नव्हती. आता तो सर्व्हर एकाच तारेवर लटकत होता. एसएफपी (तार जोडायचा पोर्टमधला सुटा भाग) बदलून ती वाट सुरू केली. मगच मी सपोर्टच्या इंजिनिअरना ‘या, आम्ही तयार आहोत’ असे कळवले.

पार्ट येण्याची कथा कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. करारात पुढच्या कामकाजाच्या दिवशी असे लिहिलेले असते, पण तो करार परशुराम घाटातली दरड वाचत नाही. कोकण रेल्वेचेही पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक असते आणि गाड्यांचा वेग उतरवलेला असतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा रस्ता आणि रेल्वे दोन्ही अडले होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना मुंबई-पुण्याच्या गोदामात ठेवलेल्या सुट्या भागांचा भरवसा वाटत नाही. इथली घरे मे महिन्यात सुकी मासळी, लाकूडफाटा आणि धान्य भरून आगोटीची बेगमी करतात. तशी एक कंट्रोलर, एक पॉवर सप्लाय आणि दोन-तीन डिस्क यांची बेगमी संस्थेने जूनपूर्वी करावी, ही मागणी मी आता लेखी केली आहे.

पेटी आली ती वातानुकूलित गाडीतून. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर पाणी सुटते. इंजिनिअरदादा कोल्हापूरहून आले होते आणि त्यांना घाट चढून वेळेत परतायचे होते, तरीही अँटिस्टॅटिक पिशवी सर्व्हर रूमच्या तापमानाला येईपर्यंत आम्ही फोडली नाही. त्या वेळात पार्ट नंबर जुळवला, केबलींना लेबले लावली आणि बदलायच्या कंट्रोलरचा निळा दिवा लावून ठेवला. वरचा की खालचा, हा गोंधळ त्या दिव्याविना कुणाचाही होऊ शकतो, आणि चालू असलेला कंट्रोलर ओढला गेला तर सगळेच संपते.

प्रत्यक्ष अदलाबदल फार लवकर आटोपली. मनगटाला पट्टा, केबली बाहेर, खटका उघडून जुना कंट्रोलर बाहेर, त्याच्यातले एसएफपी नव्यात, मिडप्लेनच्या (कंट्रोलर आत ज्याला जोडला जातो त्या बोर्डच्या) पिना टॉर्चने पाहणे आणि नवा आत. त्यानंतरची शांतता मात्र अवघड जाते. जोडीदार नव्या कंट्रोलरवर आपल्या आवृत्तीचे फर्मवेअर चढवतो, तो रीबूट होतो, पुन्हा होतो, आणि कन्सोलवर बराच काळ काहीच दिसत नाही. या टप्प्यावर अधीर होऊन कंट्रोलर पुन्हा ओढणे हा सर्वांत महाग उतावळेपणा आहे. आमच्या उपकरणात पोर्टांचे डब्ल्यूडब्ल्यूएन (नेटवर्कवरचे ओळख क्रमांक) चॅसिसकडून, म्हणजे उपकरणाच्या सांगाड्याकडून, येतात, त्यामुळे स्विचवरचे झोनिंग (कोणी कोणाशी बोलावे याची नोंद) बदलावे लागले नाही. तरी स्विचची लॉगिन यादी जुन्या यादीशी ताडून पाहिली. कॅशचे मिररिंग सुरू झाले, राइट-बॅक परतले आणि लेखनाचा वेळ जागच्या जागी उतरला. फेलबॅक मात्र त्याच वेळी केला नाही. सर्व्हरवर मेलेल्या वाटा परतल्याची खात्री झाल्यावर, रात्री, एकेक व्हॉल्यूम हाताने परत दिला.

बाहेर काढलेला बोर्ड टेबलावर उजेडात पाहिला, तेव्हा पंख्यांच्या बाजूच्या कडेला तांब्यावर हिरवट आणि काळपट डाग होते. मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या पुढे हवेतले पाणी ओढून स्वतःच द्रावण बनते, आणि आमचा पावसाळा त्या मर्यादेच्या खाली फारसा येत नाही. शिवाय खाडी जवळ आहे. ओहोटीला गाळाचा जो वास सुटतो त्यात हायड्रोजन सल्फाइड असते आणि तांबे व चांदी या दोघांनाही ते मानवत नाही. हवेच्या गंजकारकपणाबद्दलच्या आयएसए ७१.०४ या मानकाची सौम्य पातळी म्हणजे महिन्याला तांब्यावर ३०० आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) कमी गंजाचा थर. आम्ही आता दोन्ही धातूंच्या पट्ट्या रॅकच्या तोंडाशी टांगल्या आहेत, आणि एसी बिघडला की दार उघडून पेडेस्टल पंखा लावण्याची जुनी पद्धत बंद केली आहे.

जुना कंट्रोलर परत पाठवण्यापूर्वी एक प्रश्न उरला होता. वीज गेल्यावर कॅशमधला डेटा ज्या फ्लॅशवर उतरतो, तो फ्लॅश याच बोर्डवर असतो, आणि त्यात सदस्यांच्या खात्यांचे तुकडे असू शकतात. करारात डिस्क स्वतःकडे ठेवण्याची मुभा होती, कंट्रोलरचा उल्लेख नव्हता. बरीच पत्रे झाल्यावर वेगळी रक्कम भरून तो फ्लॅश आम्ही काढून ठेवला, आणि पुढच्या नूतनीकरणात ‘कॅश फ्लॅशसह’ हे दोन शब्द घालण्यास विक्रेता तयार झाला आहे.